हसू नका

परतवाड्याला बस स्टँडसमोरचं शटर
शिवरात्रीनंतर मी उघडलंच नाही.
चावी मालकाला, कटर भाच्याला,
आणि पाठीमागचा निळा पडदा
कोणी मागितला नाही म्हणून माझ्याकडे.
तो ओम्नीच्या मागच्या सीटवर,
त्यावर अर्धी पेटी संत्री.
कॅमेरा पुढे, शेजारी,
माणसासारखा बेल्ट लावून.

एकतीस वर्षं
साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरमध्ये
मी माणसं बसवली.
हनुवटी खाली. कान दिसू द्या. हसू नका.
दहावीच्या फॉर्मला, पेन्शनला, दाखल्याला,
आणि कधी कधी मग तोच
मोठा करून, हार घालायला.

घटांगच्या वळणावर पहिला पळस काढला.
वाईट आला.
नेमका मधोमध बसवला होता मी त्याला,
डोक्यावर चार बोटं जागा सोडून.
पुढचे सात पळसही तसेच,
ओळखपत्रं काढल्यासारखे.

सागाची पानं गळून गेलेली,
डोंगराच्या बरगड्या उघड्या,
जंगलखात्यानं जाळलेल्या काळ्या पट्ट्यावर
एक मोर, आपलं काही हरवल्यागत.
सिपना डबक्याडबक्यांनी वाहते आहे
म्हणजे वाहत नाहीच,
एका डबक्यातून दुसऱ्याकडे नुसती बघते.
हे काही कॅमेऱ्यात आलं नाही.

सेमाडोहला चहावाला म्हणाला, एकट्याच?
नाही, म्हटलं, उगाच.
त्यानं वाकून गाडीत पाहिलं,
बेल्ट लावलेला कॅमेरा पाहिला,
आणि माझ्या चहात साखर जास्त टाकली.

हरिसालच्या अलीकडे रस्त्यावर आडवी दोरी.
दोरीला लुगड्याच्या चिंध्या, मागे ढोलकी,
बाया नाचत नाचत थेट बॉनेटपर्यंत.
फगवा! फगवा दे बाई!
सुट्टे नव्हते. शंभराची नोट दिली, संत्री देऊ लागले.
एक म्हातारी खिडकीत वाकली,
गोंदलेलं कपाळ, गुलाल भुवयांत,
माझ्याकडे पाहतच राहिली.

तू फोटोवाली नं वो?
बँकेचा काढला होता माहा.
दटावलं होतं तूनं, हसू नोको म्हणून.

सोनाय बेठेकर, तिनं नाव सांगितलं.
मला आठवलं नाही.
आठवलं असं म्हटलं.
मग आता हसा, म्हटलं, पाहिजे तेवढं,
आणि बेल्ट काढून कॅमेरा उचलला.

तिनं तोंड घट्ट मिटलं. वर हात ठेवला.
हाताआडून म्हणाली,
तवा दात होते. सारेच होते.

ढोलकीही थांबली क्षणभर,
का मलाच ऐकू आली नाही, कोण जाणे.
तेवढ्यात पोरींनी मागचं दार सरकवलं,
संत्र्यांखालून पडदा ओढला,
दोघींनी दोन टोकं धरून
म्हातारीच्या मागे उभा केला, भर डांबरी रस्त्यात.
पेटी कलंडली. संत्री उताराला लागली.
ढोलकीवाला संत्र्यांमागे,
पोरं ढोलकीवाल्यामागे,
आणि बोट माझं कधी दाबलं गेलं
मला कळलं नाही.

आलेल्या फोटोत सोनायचा एकच कान आहे.
निळा कोपरा, कोणाचा तरी अनवाणी पाय,
तीन संत्री, पैकी एक हवेत.
हात तोंडावर नाही.
तोंड कसं आहे ते मी मोठं करून पाहिलं,
तुम्हाला सांगणार नाही.

कधी देशील? तिनं विचारलं.
शनिवारी, म्हटलं मी,
पावती सांभाळून ठेवा.
एकतीस वर्षांची जीभ.
तिनं मान डोलावली, दोरी खाली झाली.
निळा पडदा पोरींनी ठेवून घेतला, तो फगवा.

आज मंगळवार.
धारणीच्या बाजारात मी प्रिंटर शोधते आहे.
एक सापडला. पोरगा विशीतला,
समोरच्या स्टुलावर कोणाला तरी सांगत होता,
काका, हनुवटी खाली.
मी दारात उभी राहिले
त्याचं होईपर्यंत.